गावरान कोंबडीचं सूप: कुकर की पातेलं?

बॉयलर आणली असेल तर कुकर की पातेलं यावर फार डोकं खपवू नका. ती कशातही पटकन शिजते आणि सुपाला चव यायची तेवढीच येते. खरा प्रश्न गावरान कोंबडीचा, त्यातही जून कोंबडीचा. तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोवळी कोंबडी, लवकर शिजते, पण सुपाची ताकद जून कोंबडीतच. तिच्या सांध्यांतले आणि कातडीतले चिवट धागे हळूहळू विरघळले की सूप ओठांना किंचित चिकटायला लागतं. म्हणून कोंबडी सोलून घेऊ नका, पिसं काढून जाळावर भाजून, हळद लावून कातडीसकट घ्या. ते वरचं पिवळं तवंग कातडीचंच असतं.

आमच्या घरी दोन्ही पद्धती चालतात, त्यामुळे कुकरची बाजू आधी आणि मनापासून सांगतो. पातेल्यातलं पाणी १०० अंशांच्या वर जात नाही, कुकरमध्ये ते १२० च्या आसपास पोचतं. पातेल्याला अडीच-तीन तास लागतात ते काम कुकर पाऊण-एक तासात उरकतो. खानदेशातल्या मे महिन्यात ही गोष्ट लहान नाही. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ ला टेकलेला असताना तीन तास गॅस पेटता ठेवला, तर स्वयंपाकघरात पाय ठेववत नाही. सिलिंडरचा हिशोब वेगळाच.

कुकरचं सूप गढूळ होतं, ही तक्रार मला अर्धीच खरी वाटते. शिट्टी होते तेव्हा आतला दाब एकदम उतरतो, पाणी खळाखळा उसळतं आणि चरबी पाण्यात मिसळून जाते. शिट्टी यायच्या बेतात असताना गॅस अगदी बारीक करा, शिट्टी होऊच देऊ नका आणि शेवटी वाफ आपोआप जिरू द्या. मग कुकरमधलंही बऱ्यापैकी नितळ निघतं. पहिल्या उकळीला वर येणारा करडा फेस मात्र झाकण लावायच्या आधीच झाऱ्याने काढून टाकावा लागतो.

मग माझा कल पातेल्याकडे का? झाकणामुळे.

आपल्याकडे नुसत्या सुपासाठी कोंबडी क्वचितच येते. आधी वाटीवाटी सूप, आणि मग त्याच तुकड्यांची, कांदा-खोबरं भाजून, काळ्या मसाल्याची झणझणीत भाजी. म्हणजे एका कोंबडीकडून दोन कामं हवी असतात आणि ती दोन्ही एकमेकांच्या विरुद्ध ओढतात. सुपाला हाडं जितका वेळ शिजतील तितकं बरं, भाजीला मांस वेळेवर बाहेर निघायला हवं. छातीचा तुकडा आधी होतो, तंगडी मागून, आणि पाठ, मान, पंजे शेवटपर्यंत राहिले तरी चालतात. पातेल्यावरचं ताट उचललं, तुकडा पळीने दाबून पाहिला, झाला असेल तो काढून घेतला, बाकीचे राहू दिले. कुकरमध्ये सगळे तुकडे एकत्र आत जातात आणि एकत्रच बाहेर येतात.

त्यात बाजारातल्या गावरान कोंबडीचं नेमकं वय कापून देणारा भाऊसुद्धा छातीठोक सांगू शकत नाही. अंदाजाने कुकर लावला, वाफ जिरेपर्यंत थांबलं, उघडलं, तर तंगडी अजून चिवटच. पुन्हा झाकण, पुन्हा दाब यायची वाट. किंवा उलट, छातीचं मांस दोरे दोरे सुटलेलं, ढवळलं की रश्शात हरवून जाणारं. भाकऱ्या थापून झाल्यात, पाहुणे हात धुऊन बसलेत आणि आत हे असं. याचा मला इतका वैताग आला की माझा निकाल तिथेच लागला. चवीतला फरक मला त्यामानाने कमी वाटतो. पातेल्याचं सूप जिभेला थोडं हलकं लागतं, पण कोणी नाही म्हटलं तर मी वाद घालणार नाही.

पातेलं जाड बुडाचं हवं. चमचाभर तेलात कांदा, आलं-लसूण, हळद, त्यावर तुकडे टाकून ते पांढरे पडेपर्यंत परतायचे आणि मग पाणी. वर खोलगट ताट, ताटात पाणी. खालच्या वाफेने ते पाणी कढत राहतं, आतलं आटलं की तेच ओतायचं, म्हणजे उकळी मोडत नाही. ताटाच्या बुडाला लागलेली वाफही थेंब होऊन पुन्हा आतच पडते. उकळी कडेकडेने एखाददुसरा बुडबुडा फुटेल एवढीच ठेवा. मीठ सुरुवातीला निम्मंच घाला, सूप आटत जातं तसं ते खारट होतं. चुलीवर करणार असाल तर नुसत्या पऱ्हाट्यांवर, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर, भागत नाही. त्या भसकन पेटतात आणि तितक्याच लवकर विझतात. उकळी येईपर्यंत त्या ठीक, पुढे बाभळीचा निखारा लागतो.

कुकरच लावा असं मी कधी सांगेन? दुकानातून नुसती पाठ, मान नि पंजे आणले असतील तेव्हा, कारण तिथे जपायला मांसच नसतं, आणि पंजांमुळे गार झालेलं सूप फ्रीजमध्ये छान थिजतं. आजाऱ्याला तासाभरात काहीतरी गरम द्यायचं असेल तेव्हाही. आणि मे महिन्यात, अर्थातच.

एरवी सकाळ मोकळी असेल तर पातेलं ठेवा. तीन तास गॅस ठेवणं जिवावर येत असेल तर मांस पातेल्यातच शिजवा, होईल तसं काढून घ्या, आणि उरलेली पाठ, मान, पंजे त्याच पाण्यासकट कुकरमध्ये घालून बारीक गॅसवर अर्धा तास ठेवा. भांडी दोन घासावी लागतात, पण तुकडे भाजीला शाबूत मिळतात.