फायरस्टॉर्म व्ह्यूअर: उत्तम, पण साध्या राऊटरला जड

सेकंड लाइफ या ऑनलाइन आभासी जगात शिरायला फायरस्टॉर्मसारखा व्ह्यूअर (ते जग दाखवणारा प्रोग्रॅम) नाही. पण गोव्यात म्हापसा-फोंड्याकडे कनेक्शनबरोबर मिळणारा साधा राऊटर त्याच्यापुढे अनेकदा हात टेकतो. गर्दीच्या जागी टेलिपोर्ट केलं की टेक्स्चरसाठी (वस्तूंवर चढणाऱ्या चित्रांसाठी) एकदम ढीगभर कनेक्शन्स उघडतात, राऊटरचं नॅट टेबल (चालू कनेक्शन्सची यादी) भरतं आणि घरातल्या सगळ्यांचंच नेट बसतं. लगेच लाइनवाल्याला दोष देऊ नका.

आधी ड्रॉ डिस्टन्स (किती लांबवरचं दिसावं ते अंतर) ६४ मीटरवर आणा. टेक्स्चरची मागणीच घटते, खरा फरक इथे पडतो. प्रेफरन्सेसमधली मॅक्सिमम बँडविड्थ १५०० केबीपीएसच्या वर नको. चिऱ्यांच्या जाड भिंती वायफाय खातात, म्हणून लॅन केबलच लावा. मग कंट्रोल-शिफ्ट-१ दाबून पॅकेट लॉस (वाटेत हरवणारा डेटा) बघा. केबलवरही तो शून्यावर येत नसेल, तर लाइनची तक्रार नोंदवा.