तैलचित्रांतील रंगद्रव्ये ओळखण्यासाठी पहिले यंत्र: एक्सआरएफ की रामन?

जुन्या तैलचित्राचा नमुना न खरवडता त्यातील रंगद्रव्ये ओळखायची असतील आणि तूर्त एकच सुटसुटीत यंत्र घेणे शक्य असेल, तर निवड बहुधा एक्सआरएफ (क्ष-किरण पाडून उलट येणाऱ्या क्ष-किरणांवरून मूलद्रव्ये ओळखणारे यंत्र) आणि रामन (लेझरच्या विखुरलेल्या प्रकाशावरून पदार्थ ओळखणारे यंत्र) या दोहोंवर येऊन ठेपते. मलाही ती करावी लागली.

सैद्धांतिकदृष्ट्या रामनचे पारडे जड आहे, हे आधीच मान्य करायला हवे. एक्सआरएफ केवळ मूलद्रव्ये दाखवते, तर रामन थेट संयुग ओळखते. आकाशाच्या निळ्या रंगात लाजवर्द (त्याच नावाच्या निळ्या दगडापासूनचे रंगद्रव्य) आहे का, असे विचारले तर एक्सआरएफकडून फारसे उत्तर मिळत नाही, कारण सोडियम, ॲल्युमिनियम यांसारख्या हलक्या मूलद्रव्यांचे क्षीण क्ष-किरण हवेतच शोषले जातात आणि गंधकाची रेषा, म्हणजे आलेखातील त्याची ओळखखूण, शिशाच्या रेषेखाली झाकली जाते. रामनमध्ये मात्र ५४८ प्रति सेंटीमीटरजवळची ठळक रेषा बहुतेक शंका मिटवते. शिसे-कथिल पिवळा या जुन्या रंगद्रव्याचे दोन प्रकार वेगळे ओळखण्यातही रामनच सरस आहे.

तरीही माझा कौल फिरला तो प्रतिदीप्तीमुळे, म्हणजे लेझर पडताच पदार्थ स्वतःच उजळून निघाल्यामुळे. पिवळ्या पडलेल्या डॅमर राळेच्या वार्निशखालच्या तपकिरी छायेवर लेझर रोखला की पडद्यावर रेषा उमटण्याऐवजी सगळा आलेखच चढणीसारखा वर जातो आणि रंगद्रव्याची शिखरे त्यात बुडून जातात. ७८५ नॅनोमीटरचा लेझर वापरल्यास हा त्रास कमी होतो, पण त्याबरोबर मूळ संकेतही क्षीण होतो. प्रतिदीप्ती ओसरेपर्यंत लेझर एकाच ठिकाणी रोखून ठेवता येतो. परंतु ताणलेला कॅनव्हास शेजारून कोणी चालले तरी कंप पावतो आणि जुळवलेला फोकस निसटतो. शक्ती वाढवावी, तर शेंदराचे शिशाच्या पिवळ्या ऑक्साइडमध्ये रूपांतर होण्याची भीती असते, आणि मूळ चित्रावर तो धोका पत्करण्यास माझे मन कधीच धजावले नाही. माझ्या अनुभवात वार्निश न काढलेल्या गडद चित्रांवर रामनने हाती काही लागू दिले नाही, असेच दिवस अधिक होते.

एक्सआरएफही निर्दोष नाही. त्याचे किरण थर भेदून जातात, त्यामुळे अस्तरातील शिशाचा सफेदा प्रत्येक मोजमापात डोकावतो. हरताळाचा (आर्सेनिक असलेल्या पिवळ्या रंगद्रव्याचा) शोध घेताना तर विशेष जपावे लागते: आर्सेनिकची मुख्य रेषा आणि शिशाची एक ठळक रेषा, दोन्ही १०.५ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट (क्ष-किरणांच्या ऊर्जेचे एकक) च्या आसपास येतात, म्हणून ११.७ जवळची आर्सेनिकची दुसरी रेषा दिसल्याशिवाय मी हरताळाचे नाव घेत नाही. पण ही अडचण निदान ओळखीची आहे आणि तिच्यावर उपाय आहे. हिंगुळ या लाल रंगद्रव्यातील पारा वार्निशखालूनही पटकन दिसतो. सतराव्या शतकातील म्हणून आलेल्या चित्राच्या ढगात टायटॅनियम, म्हणजे विसाव्या शतकात वापरात आलेला टायटॅनियमचा पांढरा रंग, आढळले, तर तिथे विसाव्या शतकातील हात फिरला आहे, हे जवळजवळ निश्चित होते.

तुमच्याकडे प्रामुख्याने वार्निश नसलेली किंवा साफ केलेली चित्रे येत असतील, किंवा सूक्ष्म नमुने काढण्याची परवानगी असेल, तर रामन घेण्यास माझी हरकत नाही. सेंद्रिय लाल लेकसाठी (सेंद्रिय रंजकापासून बनवलेल्या लाल रंगद्रव्यासाठी) मात्र दोहोंपैकी कशावरही विसंबू नये, असे सुचवावेसे वाटते. एरवी आधी एक्सआरएफ घ्यावे आणि त्यातून उरलेल्या शंकांसाठी रामन असलेली प्रयोगशाळा गाठावी.