विवरणपत्र भरल्यानंतर कोण सोबत राहते: सांगलीतील एका कर सल्लागार कार्यालयाचा अनुभव

प्राप्तिकराचे विवरणपत्र भरून देणाऱ्या कार्यालयाची पारख ते कसे भरून देते यावरून करू नये, असे माझे मत आता पक्के झाले आहे. भरण्याचे काम पूर्वीच्या मानाने बरेच सोपे झाले आहे. निवृत्तिवेतन, बँकेचे व्याज, कापलेला कर हे आकडे संकेतस्थळावर आधीच भरून येतात आणि थोडी सवय असलेला माणूस ते घरबसल्या तपासून पाठवू शकतो. कस लागतो तो त्यानंतर, म्हणजे विवरणपत्रे संगणकावर तपासणाऱ्या बंगळुरूच्या केंद्रीय प्रक्रिया केंद्राकडून कलम १४३(१) खालील सूचनापत्र येते आणि त्यातले आकडे आपल्या आकड्यांशी जुळत नाहीत तेव्हा. विश्रामबागेतील ज्या कार्यालयाविषयी मी लिहीत आहे, ते या कसोटीला बहुतांशी उतरले. नाव मुद्दाम देत नाही, कारण येथे जे लिहिले आहे ते आपापल्या सल्लागाराला लावून पाहता यावे अशी माझी इच्छा आहे.

माझी आई जिल्हा परिषदेच्या शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झाली. तिला निवृत्तिवेतन मिळते, बँकेत मुदत ठेवी आहेत आणि तासगाव तालुक्यात वडिलांच्या पश्चात तिच्या नावावर आलेली थोडी द्राक्षबाग आहे. आमच्या भागात असा मिळकतीचा मेळ घरोघरी दिसतो. तरीही पूर्वीच्या सल्लागाराने बागेविषयी कधी साधी चौकशीही केली नव्हती. शेतीचे उत्पन्न करमुक्त असले तरी ते पाच हजार रुपयांच्या वर गेले की आयटीआर-१ हा साधा नमुना चालत नाही, आयटीआर-२ भरावा लागतो. शिवाय इतर उत्पन्नावरील कराचा दर ठरवताना हे उत्पन्न विचारात घेतले जाते. नव्या कार्यालयाने पहिल्याच भेटीत सौद्याच्या पट्ट्या, औषधांची बिले, मजुरीचा हिशेब आणि सातबारा मागवून घेतला. निव्वळ शेती उत्पन्न पाच लाखांच्या वर असते तर जमिनीचे क्षेत्र, ती बागायती की जिरायती, हेही लिहावे लागले असते, हे त्यांनी आईला समजेल अशा शब्दांत सांगितले.

पूर्वीच्या सल्लागाराकडून झालेले नुकसान मात्र याहून मोठे होते आणि ते सविस्तर सांगितले पाहिजे, कारण अशी चूक अनेक निवृत्त शिक्षकांच्या बाबतीत घडू शकते. सातव्या वेतन आयोगाच्या थकबाकीचा हप्ता एका वर्षी आईच्या हाती आला. मागील वर्षांचे पैसे एकदम मिळाल्याने कर वाढत असेल तर कलम ८९ खाली सवलत मिळते, पण तिच्यासाठी नमुना १०-ई संकेतस्थळावर आधी भरावा लागतो. सल्लागाराने विवरणपत्रात सवलतीचा आकडा लिहिला आणि नमुना भरलाच नाही. अशा वेळी केंद्रातील संगणक सवलत शून्य धरतो आणि फरकाची मागणी काढतो. तसेच झाले. ती मागणी आईपर्यंत पोहोचली नाही, कारण संकेतस्थळावरील तिच्या खात्यात मोबाइल क्रमांक आणि ई-मेल सल्लागाराचे होते. पुढच्या वर्षीचा परतावा जुन्या मागणीत वळता करण्याविषयी कलम २४५ खाली विचारणा झाली, तीही त्याच पत्त्यावर गेली. उत्तर देण्याची मुदत टळली. परतावा अपेक्षेपेक्षा कमी का आला, याचा शोध घेताना हे सारे उघडकीस आले.

म्हणूनच नव्या कार्यालयाच्या ज्या एका गोष्टीला मी सर्वाधिक गुण देते, ती दिसायला अगदी किरकोळ आहे. त्यांनी आईला समोर बसवले, तिच्या आधारशी जोडलेल्या मोबाइलवर आलेला ओटीपी तिच्याकडूनच वाचून घेतला, प्रोफाइलमधील प्राथमिक संपर्काच्या जागी तिचा क्रमांक आणि माझा ई-मेल घातला आणि स्वतःचा पत्ता दुय्यम म्हणून ठेवला. पासवर्ड बदलून तो एका कागदावर लिहून आमच्या हाती दिला. मी गणपती पेठेतील दोन-तीन व्यापारी कुटुंबांना त्यांच्या खात्यात कोणाचा क्रमांक आहे असे विचारले, तेव्हा एकालाही सांगता आले नाही. ज्यांनी पॅन काढल्यापासून सारा कारभार सल्लागारावर सोपवला आहे, त्यांनी हे एवढे तरी आज तपासावे.

यानंतर आर्थिक वर्ष २०२४-२५ चा प्रश्न. आईच्या ठेवींवर एका बँकेने दहा टक्के दराने कर कापला होता. बँकेने दिलेल्या व्याजाच्या दाखल्यात चारही तिमाहींची कपात स्पष्ट होती. कार्यालयातील तरुण सहायकाने तो दाखला आणि फॉर्म २६-एएस, म्हणजे आपल्या पॅनवर जमा झालेल्या कराचा सरकारी उतारा, शेजारी शेजारी ठेवून पेन्सिलीने एकेक ओळ जुळवली. पहिल्या तीन तिमाहींच्या ओळी जुळल्या. जानेवारी ते मार्चची ओळ २६-एएसमध्ये नव्हतीच. पैसे खात्यातून गेले होते, पण बँकेच्या तिमाही विवरणात पॅनचे एक अक्षर चुकल्याने ते आईच्या नावावर जमा झाले नव्हते. सल्लागार आईला म्हणाले, “बाई, बँकेचा हा कागद तुमच्या समाधानापुरता आहे. पैसे २६-एएसमध्ये दिसले तरच ते तुमचे.”

ही या व्यवस्थेतील खरी खंत आहे आणि ती कोणा एका बँकेपुरती किंवा कार्यालयापुरती मर्यादित नाही. कर कापणारा वेगळा, तो जमा करून विवरण देणारा तोच, चूक त्याची, आणि ती दुरुस्त होईपर्यंत पैसे अडकतात ते करदात्याचे. उत्पन्नातून कर कापला गेला असेल तर त्याच कराची मागणी पुन्हा त्या व्यक्तीकडे करता येत नाही, असे त्या वर्षाला लागू असलेल्या १९६१ च्या कायद्याचे कलम २०५ सांगते. चुकीचे विवरण देणाऱ्याला कलम २७१-एच खाली दहा हजार ते एक लाख रुपये दंडाचीही तरतूद आहे. पण संगणकाला फक्त २६-एएसची ओळ दिसते, आणि दंड झाला तरी तो सरकारजमा होतो, आईच्या पदरात काही पडत नाही. अशा तक्रारींसाठी पूर्वी प्राप्तिकर लोकपाल होते, ती यंत्रणा २०१९ मध्ये मंत्रिमंडळाच्या निर्णयाने बंद झाली. आता संकेतस्थळावरील ई-निवारण किंवा केंद्र सरकारची सर्वसाधारण तक्रार यंत्रणा एवढेच मार्ग उरतात, आणि तेथील तक्रारही शेवटी विभागाकडेच जाते. चुकीचे ओझे ज्याने चूक केली त्याच्यावर टाकणारी एखादी मुदतबद्ध पद्धत असायला हवी, असे मला मनापासून वाटते.

कार्यालयाने येथे जे केले ते शिकण्याजोगे आहे. बँकेच्या नावे पत्र तयार करून त्यात तिमाही, कपातीची रक्कम, बरोबर पॅन आणि बँकेचा टॅन (कर कापणाऱ्याचा क्रमांक) लिहिला, सोबत दाखल्याची प्रत जोडली आणि दोन प्रतींपैकी एकीवर शिक्क्यासह पोच घ्यायला सांगितले. शाखेत अपेक्षेप्रमाणे “हे मुख्य कार्यालयाचे काम आहे, आमच्याकडून होत नाही” असे उत्तर मिळाले. पोच मात्र मिळाली. पुढे आठवण देणारी पत्रे सल्लागारांनी त्या पोचेच्या आधारे थेट मुख्य कार्यालयाला पाठवली. दरम्यान मुदत जवळ येत होती, म्हणून पूर्ण कपातीचा दावा करून विवरणपत्र वेळेत भरले. थांबलो असतो तर कलम २३४-एफ खाली विलंब शुल्क लागले असते. उत्पन्न पाच लाखांपर्यंत असेल तर एक हजार रुपये आणि त्यापुढे पाच हजार, मग उशीर एका दिवसाचा का असेना.

अपेक्षेप्रमाणे सूचनापत्रात एका तिमाहीची कपात नाकारलेली होती. ते पत्र उघडण्यासाठी पॅन लहान अक्षरांत आणि त्याला जोडून जन्मतारखेचे आठ अंक असा पासवर्ड द्यावा लागतो, हे ज्येष्ठ माणसाला कोणी सांगितल्याशिवाय कळणे कठीण आहे. आत दोन रकाने असतात, एकात आपण दिलेला आकडा आणि दुसऱ्यात केंद्राने काढलेला. सल्लागारांनी आईला पत्र वाचण्याची रीत शिकवली: वरपासून खाली जात, ज्या ओळीत दोन्ही आकडे वेगळे आहेत तेथेच थांबायचे. पुढे बँकेने दुरुस्ती विवरण दिले आणि २६-एएसमध्ये ती ओळ उमटली. मग कलम १५४ खाली पुनर्प्रक्रियेची विनंती गेली आणि उरलेला परतावा व्याजासह आला. हे व्याज महिन्याला अर्धा टक्का असते, आणि ते पुढच्या वर्षीच्या उत्पन्नात दाखवावे लागते, ही आठवणही त्यांनीच करून दिली.

जुन्या थकबाकीच्या सवलतीचे प्रकरण मात्र अजून मार्गी लागलेले नाही. नमुना १०-ई उशिरा का होईना भरून दुरुस्तीचा अर्ज केला आहे. निश्चित निकालाचे आश्वासन त्यांनी दिले नाही, आणि त्यांचा हा प्रामाणिकपणा मला आवडला.

संकेतस्थळाविषयी न्याय्य बोलायचे तर ७ जून २०२१ रोजी ते नव्या स्वरूपात सुरू झाले तेव्हाची अवस्था आता राहिलेली नाही. त्या वर्षी अर्थ मंत्रालयाने ते बांधणाऱ्या कंपनीच्या प्रमुखांना बोलावून जाब विचारला होता आणि वैयक्तिक करदात्यांची मुदत अखेर ३१ डिसेंबरपर्यंत वाढवावी लागली होती. आज साधे विवरणपत्र लवकर निकाली निघते, हे मान्य केले पाहिजे. पण करनिर्धारण वर्ष, म्हणजे विवरणपत्र भरण्याचे वर्ष, १ एप्रिलला सुरू होत असताना आयटीआर-२ भरण्याची सोय २०२५ मध्ये जुलै उजाडल्यावर मिळाली. मुदत ३१ जुलैवरून १५ सप्टेंबरवर गेली आणि शेवटच्या क्षणी आणखी एक दिवस वाढली. सरकारचा नमुना तीन महिने उशिरा आला तर चालते आणि करदात्याचा एक दिवस चालत नाही, हे मला पटत नाही.

कार्यालयाच्या उणिवाही सांगितल्या पाहिजेत. सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात तेथे उभे राहायला जागा नसते आणि फोन कोणी उचलत नाही. जिना अरुंद आहे, लिफ्ट नाही, आणि निम्म्याहून अधिक पक्षकार निवृत्त आहेत. खाली एखादे टेबल मांडून कागद घेण्याची सोय सहज करता येईल. मोबदला आधी सांगितला जात नाही. आईच्या विवरणपत्राचे दीड हजार रुपये घेतले, जे मला योग्य वाटले, पण बँकेच्या पत्रव्यवहाराचे वेगळे पैसे लागतील हे काम झाल्यावर कळले आणि पावतीही मागितल्यावरच मिळाली. इतरांचे पैसे हिशेबात आणून देणाऱ्या माणसांनी स्वतःचा दर भिंतीवर लावायला हवा.

एक गोष्ट त्यांनी वेळीच केली असती तर एवढा खटाटोप टळला असता, आणि ती त्यांनी आता सुरू केली आहे. आईचा कर सवलतीनंतर शून्य होतो, त्यामुळे वर्षाच्या सुरुवातीलाच कर कापू नये असे सांगणारा फॉर्म (१९६१ च्या कायद्याखाली फॉर्म १५-एच) बँकेत दिला की कपातच होत नाही. १ एप्रिल २०२५ पासून ज्येष्ठ नागरिकांच्या बँक व्याजावरील कपातीची मर्यादा पन्नास हजारांवरून एक लाख रुपये झाली असल्याने अनेकांना त्याचीही गरज उरणार नाही, पण ठेवी मोठ्या असतील तर तो फॉर्म देऊन पोच ठेवावी.

साधे निवृत्तिवेतन आणि थोडे व्याज एवढेच असेल तर या कार्यालयात जाऊन रांगेत बसण्याचे कारण नाही, घरातील शिकलेले मूल ते काम करू शकेल. शेती, थकबाकी, भांडवली नफा किंवा जुनी मागणी यांपैकी काही असेल तर जरूर जावे, मात्र जून संपण्याआधी जावे. बँकांचे शेवटच्या तिमाहीचे विवरण मे महिन्याच्या अखेरीस जाते, त्यामुळे जूनच्या उत्तरार्धात २६-एएस बहुतेक भरलेला असतो. चूक असली तर बँकेच्या मागे लागायला वेळ मिळतो आणि सल्लागारालाही तुमच्या कागदांकडे नीट पाहता येते.