लेयरची फाईल मागतील, देऊ नका

मी बेळगावची, शहापूरला राहते. चार वर्षं कॉन्सेप्ट आर्ट शिकतेय. सिनेमा किंवा गेम तयार होण्याआधी त्यातली माणसं, वाडे, हत्यारं कशी दिसणार ते काढून द्यायचं, हे आमचं काम. मागच्या पावसाळ्यात मला ज्या पद्धतीनं गंडवलं ती पद्धत अजून चालू आहे, म्हणून लिहितेय.

राजहंसगडावर बसून काढलेली स्केचेस मी इन्स्टाग्रामवर टाकते. एकाचा मेसेज आला: ‘‘राजहंसगडाच्या बुरुजावरची ओल तुम्ही धरलीय, ती आमच्या टीममध्ये कुणाला जमत नाही.’’ बेंगळुरूच्या गेम स्टुडिओत आर्ट डायरेक्टर आहे म्हणाला. रात्री जेवताना मी ते घरात सगळ्यांना वाचून दाखवलं. बाबा म्हणाले, ‘‘पगाराचं आधी विचार की गं.’’ नाही विचारलं.

आर्ट टेस्ट आली. आधी 20 थंबनेल, म्हणजे छोटी कच्ची स्केचेस, मग 3 पूर्ण रंगवलेली चित्रं, मग नायिकेचा टर्नअराउंड. एकच पात्र पुढून, बाजूनं, पाठीमागून काढायचं, त्यावरून थ्रीडीवाले मॉडेल उभं करतात. मला तिथंच कळायला हवं होतं. हात बघायला दोन-चार थंबनेल पुरतात. टर्नअराउंड म्हणजे पैसे मोजून करून घ्यायचं काम. मी 19 दिवस राबले. शेवटी त्यानं पीएसडी, म्हणजे चित्राचा एकेक थर (लेयर) सुटा असलेली फोटोशॉपची फाईल मागितली, ‘‘तुमची प्रोसेस बघायचीय’’ म्हणून. जेपीजी नुसती बघता येते. लेयरच्या फाईलमधनं बुरूज वेगळा, आभाळ वेगळं, नायिका वेगळी उचलता येते. मी सगळं पाठवलं.

मग सॉफ्टवेअरच्या लायसन्सचं डिपॉझिट 18,500 रुपये, पहिल्या पगारात परत. बाबांनी भिशीचे पैसे दिले, मी यूपीआयनं भरले. लॅपटॉपच्या कुरिअरसाठी आणखी 12,000 मागितले तेव्हा कुठं डोळे उघडले. लाजेपायी दोन दिवस कुणाला बोलले नाही आणि तिसऱ्या दिवशी 1930 ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, फोन केला. तोवर पैसे पुढच्या खात्यांत गेले होते. असं झालं तर त्याच तासाला फोन करा. रक्कम खात्यात असेल तरच अडवता येते.

महिन्याभरानं माझं चित्र एका परक्या पोर्टफोलिओत दिसलं. बुरुजाच्या कोनाड्यात मी आजीचा कंदील काढला होता, काचेला डावीकडं तडा गेलेला. तो तडासुद्धा तसाच होता. मला छदामही मिळाला नव्हता, मी कशावर सही केली नव्हती; 1957 च्या कॉपीराइट कायद्यानं चित्र माझंच. तारखांसकट मूळ फाईल दाखवल्यावर साईटनं ते काढलं. पैसे आले नाहीत.

गेल्या आठवड्यात खानापूरच्या एका मुलीनं मला स्क्रीनशॉट पाठवला. वाक्य तेच होतं, राजहंसगडाच्या जागी भीमगड होता.