हायजीन रेटिंग घ्यावं, हॅसेप की आयएसओ २२०००?

मानेवाड्याला भोजनालय टाकलेल्या एका ओळखीच्या जोडप्याचा परवा फोन आला. "भाऊ, आयएसओ घेऊन टाकू का? एक जण तीन दिवसांत सर्टिफिकेट आणून देतो म्हणते. किचन पाहायलाही येत नाही." हा प्रश्न मला नागपुरात अधूनमधून कोणी ना कोणी विचारतंच, म्हणून सविस्तर लिहितो. वर्धा रोडला माझी मेस आहे. हायजीन रेटिंग मी स्वतः घेतलं आहे आणि बुटीबोरीच्या एका कारखान्याचं कॅन्टीन मिळवण्यासाठी आयएसओ २२००० या आंतरराष्ट्रीय अन्नसुरक्षा मानकाच्या वाटेनेही गेलो आहे.

आधी एक गल्लत दूर करू. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखालचा एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, परवाना किंवा नोंदणी सक्तीची आहे. तो चौदा अंकी क्रमांक १ जानेवारी २०२२ पासून बिलावरही छापावा लागतो. हे झाल्याशिवाय पुढचं बोलूच नये. खाली ज्यांची तुलना केली आहे, ती प्रमाणपत्रं आपण होऊन घ्यायची आहेत.

हायजीन रेटिंग हीदेखील एफएसएसएआयचीच योजना. आपण ऑनलाइन अर्ज करायचा, यादी समोर ठेवून आधी स्वतःच स्वतःला तपासायचं, मग मान्यताप्राप्त ऑडिट संस्थेचा माणूस येऊन किचन पाहतो आणि १ ते ५ मध्ये रेटिंग देतो. ते गिऱ्हाइकाला दिसेल असं लावायचं असतं. तपासणीचा पाया शेड्यूल ४, म्हणजे परवाना घेताना आपण पाळू म्हणून लिहून दिलेल्याच अटी. माझ्याकडे आलेल्या ऑडिटरने पाण्याच्या तपासणीचा अहवाल मागितला, कामगारांची वैद्यकीय प्रमाणपत्रं पाहिली, पेस्ट कंट्रोलची पावती पाहिली. मग फ्रीज उघडून कच्चं मटण कोणत्या फळीवर आहे ते पाहिलं. ते वरच्या फळीवर होतं आणि खाली चिरलेला सांबार, म्हणजे कोथिंबीर, झाकण न ठेवता पडला होता. मटणाचं पाणी ठिबकलं तर थेट त्या सांबारात, आणि सांबार तर आपण शिजवतही नाही, वरून भुरभुरतो. इतकी वर्षं मी तो फ्रीज रोज उघडत होतो, पण ही गोष्ट दुसऱ्याच्या डोळ्यांनी दाखवून दिली. रेटिंगचा खरा फायदा मला तिथे कळला.

त्याची मर्यादाही स्पष्ट आहे. ऑडिटर दुपारी येतो. रात्री अकरा वाजता, पंगत उठल्यावर उरलेल्या रश्शाचं काय होतं, ते त्याला दिसत नाही.

एचएसीसीपी, बोलण्यात हॅसेप, नेमकं तिथे कामाला येतं. १९६० च्या दशकात अंतराळवीरांच्या जेवणासाठी पिल्सबरी कंपनी आणि नासाने ही पद्धत बसवली. तयार पदार्थ तपासून खात्री देता येत नाही, कारण तपासलेला घास खाता येत नाही, हा त्यामागचा विचार. म्हणून धोका कुठे शिरतो ते आधीच शोधायचं, त्या जागेला आकड्यात मर्यादा घालायची, रोज मोजायचं आणि मर्यादा मोडली तर काय करायचं तेही ठरवून ठेवायचं.

आमचं उदाहरण सांगतो. सावजी पद्धतीचा मटण रस्सा मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, उरला की आम्ही तो ओट्यावर "थंड व्हायला" ठेवून घरी जायचो आणि सकाळी उकळून वाढायचो. हॅसेपचं काम सुरू झालं तेव्हा पहिल्यांदा त्यात थर्मामीटरची सळई बुडवली. मे महिना होता. गॅस बंद करून तीन तास झाले होते. स्वयंपाकाच्या मावशी म्हणाल्या, "गंज त थंडा झाला न भाऊ." बाहेरून खरंच कोमट लागत होता, पण मधला आकडा ५८ अंश. वरचा तर्रीचा थर झाकणासारखा बसतो आणि आतली उष्णता कोंडून धरतो. ६० ते ५ अंशांच्या मधला पट्टा जंतूंना मानवणारा, आणि आमचा रस्सा रात्रभर त्याच पट्ट्यातून हळूहळू उतरत होता. मटणाच्या रश्शात क्लॉस्ट्रिडियम परफ्रिन्जेन्स नावाच्या जंतूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत; हळू थंड होणारा मोठा गंज त्यांना हवाच असतो. नेहमीची मर्यादा अशी: ६० पासून २१ अंशांपर्यंत दोन तासांत, तिथून ५ पर्यंत पुढच्या चार तासांत. आता आम्ही रस्सा उथळ ट्रेमध्ये ओततो, ट्रे बर्फाच्या पाण्यात ठेवतो, मग फ्रीजमध्ये. सकाळी ७५ अंशांच्या वर नेल्याशिवाय वाढत नाही. रेटिंगच्या तयारीत मला हे कोणी विचारलं नव्हतं.

आयएसओ २२००० च्या पोटात हेच हॅसेप असतं, पण भोवती व्यवस्थापनाचं मोठं घर. माल कोणाकडून घ्यायचा याचे निकष, कोणत्या दिवशीच्या जेवणात कोणता माल गेला ते मागे जाऊन सांगता येणं, अंतर्गत ऑडिट, मालकाचा आढावा. सध्याची आवृत्ती २०१८ ची. प्रमाणपत्र तीन वर्षांचं आणि मध्ये दरवर्षी पाहणी. नोंदी ठेवायला पगारी माणूस लागतो. आठ जणांच्या किचनमध्ये ते काम स्वयंपाक करणाऱ्यावरच येतं, आणि मग फ्रीजच्या वहीत महिनाभराचे आकडे एकाच पेनाने, एकाच बैठकीत भरलेले दिसतात: ४, ४, ४, ४. अशी वही मी पाहिली आहे. ती नसलेली बरी, कारण फ्रीज बंद पडला तरी त्या वहीत ४ च दिसणार.

तीन दिवसांच्या सर्टिफिकेटबद्दल मात्र मला राग येतो. आयएसओ ही संस्था स्वतः कोणालाच प्रमाणपत्र देत नाही. ते वेगळ्या प्रमाणन संस्था देतात. त्या संस्थेला एनएबीसीबीची, म्हणजे प्रमाणन संस्थांना मान्यता देणाऱ्या भारतीय मंडळाची, किंवा तशाच मान्यताप्राप्त परदेशी मंडळाची मान्यता आहे का, तीही अन्नसुरक्षेसाठी आहे का, ते विचारा. जो सल्ला देतो त्यानेच प्रमाणपत्र द्यायचं नसतं. आणि किचन न पाहता मिळालेला कागद आजारी पडलेल्या गिऱ्हाइकासमोर काहीच कामाचा नाही.

मग कोणी काय घ्यावं? तर्री-पोह्याची किंवा पाटोडीची गाडी असेल तर नोंदणी आणि फॉस्टॅकचं, म्हणजे एफएसएसएआयच्या अन्नसुरक्षा वर्गाचं, प्रशिक्षण पुरे. दर २५ कामगारांमागे एक प्रशिक्षित सुपरवायझर हवा, असं एफएसएसएआय सांगतं. गाडीवर तो मालकानेच व्हावं. धरमपेठ, सदर, मानेवाडा, कुठेही बसून जेवायचं हॉटेल असेल तर हायजीन रेटिंग, कारण दारातला आकडा गिऱ्हाइकाला वाचता येतो. आयएसओचा क्रमांक त्याला काही सांगत नाही. मिहान किंवा बुटीबोरीची कॅन्टीनं, मोठी टेंडरं हवी असतील तर आयएसओ २२००० शिवाय बरेचदा दारातच उभं करत नाहीत. तिथे खर्च कंत्राटातून निघतो. संत्रा बर्फी पॅक करून बाहेरगावी पाठवणाऱ्याने निदान हॅसेप करावंच, कारण त्याचा माल नजरेआड गेल्यावर खाल्ला जातो.

मानेवाड्याच्या त्या दोघांना मी रेटिंग घ्यायला सांगितलं, आणि प्रमाणपत्राच्या मागे न लागता हॅसेपमधली फक्त रश्शाच्या आणि भाताच्या तापमानाची मोजणी आजपासून सुरू करा म्हटलं. वहिनींनी त्याच संध्याकाळी बर्डीच्या (सीताबर्डी) बाजारातून सळईचा थर्मामीटर आणला. बर्फ घातलेल्या पाण्यात तो ० दाखवतो का ते आधी पाहायला सांगितलं आहे. "ऑडिट पावसाळ्यानंतर ठेवू का?" असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मे मध्येच बोलवा. ४५ अंशांत, दार सतत उघडत असताना तुमचा फ्रीज ५ च्या खाली राहतो का, हे त्याच महिन्यात कळेल.