मुलीचं रशियन नाव: इरिना, सोफिया, तात्याना की स्वेतलाना?

मुलीसाठी रशियन नाव शोधणारी मराठी घरं दोन प्रकारची असतात. एका घरात आई रशियन आणि बाबा मराठी. तिथे नाव दोन्हीकडच्या आज्यांच्या तोंडी बसायला हवं. दुसऱ्या घरात रशियाशी नातं काही नाही, नाव फक्त कानाला गोड लागलंय. या दुसऱ्या घरांचं आधी उरकून टाकू. निकिता हे रशियात पुरुषाचं नाव आहे, सोव्हिएत नेते निकिता ख्रुश्चेव्ह आठवा. मिशा म्हणजे मिखाईल आणि वान्या म्हणजे इवान, दोघेही बाप्येच. साशा मुलगा-मुलगी कुणालाही चालतं. नताशा आणि तान्या मात्र मुलींचीच, पण ती लाडाची रूपं. कागदोपत्री ती नताल्या आणि तात्याना. जन्मदाखल्यावर नुसतं 'तान्या' दिसलं की रशियन माणसाला वाटतं, यांनी दाखल्यावर 'चिमी' कसं काय लिहिलं?

आता खरा प्रश्न पहिल्या घराचा. माझं मत सरळ आहे: आधी हाकेचं नाव ठरवा, मग दाखल्यावरचं. रशियन घरात पूर्ण नावानं सहसा हाक मारत नाहीत, आई रागावली असेल तर गोष्ट वेगळी. आणि मराठी कानाला अडतं ते हाकेचं नावच. दार्या छान वाटतं, पण घरात ती होते दाशा. इंग्रजी अक्षरांत लिहिलं की पुण्यातली शाळा तिला 'दशा' करून टाकणार. नादेझ्दाची होते नाद्या, म्हणजे इकडे नद्या. ओल्गाची ओल्या. अनास्तासिया ऐकायला राजेशाही, शेवटच्या झारच्या धाकट्या लेकीचं नाव; पण हाक 'नास्त्या', आणि आपल्याकडची चुलत भावंडं तिला नाश्ता म्हटल्याशिवाय राहणार नाहीत. आन्ना तर पहिल्याच फेरीत बाद, घरात एखादे अण्णा आधीच असतील तर विचारूच नका. त्यातही तिचं लाडाचं 'आन्या' इकडे सहज खपतं, त्यामुळे नाव फारच आवडलं असेल तर मार्ग आहे.

उरली चार.

इरिना. हाक 'इरा', आणि इरा तर आपल्याकडचंही नाव. मराठी आजीला वेगळं काही शिकवावं लागत नाही. मूळ ग्रीक, अर्थ शांती. खोट एकच: रशियात हे आईच्या, मावशीच्या पिढीतलं नाव समजतात. तिकडच्या बालवाडीत ती कदाचित एकटीच इरिना असेल. मला हा दोष वाटत नाही, पण रशियन आईला वाटू शकतो, आणि तिचं मत इथे जास्त धरावं.

सोफिया नेमकी उलट. मॉस्कोत गेली अनेक वर्षं मुलींच्या नावांत ती अगदी वरच्या जागी आहे, म्हणजे वर्गात आणखी एक-दोन सापडणारच. लाडाचं नाव 'सोन्या'. मराठीत आपण कोणत्याही लेकराला 'ये रे सोन्या' म्हणतोच, त्यामुळे हाक आयतीच मिळते.

तात्याना, घरात तान्या. भारतात ओळखीचं, उच्चाराची कटकट नाही. पूर्ण नाव ऐकून कुणाला तात्या आठवले तर आठवोत. शिवाय तिला स्वतःचा सण मिळतो: 25 जानेवारी हा रशियात तात्यानाचा दिवस आणि विद्यार्थी दिनही, कारण 1755 मध्ये याच दिवशी मॉस्को विद्यापीठाच्या स्थापनेच्या हुकुमावर सही झाली होती.

स्वेतलाना, घरात स्वेता. आपल्या श्वेताची सख्खी बहीण शोभेल असं. पण हे नाव जुन्या संतांच्या यादीतलं नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते कवितांमधून लोकांत रुजलं. चर्चमध्ये बाप्तिस्मा करायचा असेल तर तिथे सहसा 'फोतिनिया' हे नाव देतात. स्टालिनच्या मुलीचंही नाव हेच. तिचे भारतीय जोडीदार ब्रजेश सिंह यांच्या अस्थी घेऊन ती 1966 च्या डिसेंबरात भारतात आली आणि पुढच्या मार्चमध्ये दिल्लीतूनच अमेरिकेच्या आश्रयाला गेली. रशियन आजोबा हा विषय काढतील, तयारी ठेवा.

बाबांच्या नावाचं काय? मुलीच्या नावापुढे वडिलांचं नाव लावायची सवय आपल्याला आहेच. तिकडे फक्त त्याला शेपूट लागतं: बाबा अमित असतील तर इरिना अमितोव्हना, संजय असतील तर सोफिया संजयेव्हना. हे नुसतं कागदापुरतं नसतं. उद्या ती शिक्षिका किंवा डॉक्टर झाली तर लोक तिला या जोडनावानंच आदरानं बोलावतील. म्हणून दोन्ही नावं एका दमात मोठ्यानं म्हणून बघा. वडिलांकडच्या चालीरीतीत ते बसत नसेल तर रशियन कायद्यात ते न लावण्याचीही मुभा आहे. मी मात्र लावीन. तात्याना अमितोव्हना कानाला काय झकास लागतं!

शेवटी स्पेलिंग, कारण पुढची कटकट तिथे होते. रशियन पासपोर्टवर इंग्रजी अक्षरं ठरलेल्या नियमानं पडतात. दाखल्यावर 'सोफिया' असेल तर शेवटी दोन 'आय' येऊन मग 'ए' येतो. त्याच नावाचं दुसरं अधिकृत रूप 'सोफ्या' लिहिलं तर एकाच 'आय'वर भागतं. मारियाला दोन, नताल्याला एक. युलियाची सुरुवातच 'वाय'ऐवजी 'आय'नं होते. इरिना कुठेही बदलत नाही. रशियात जन्माची नोंद महिन्याभरात करावी लागते, तेव्हा रूप आधीच ठरवून जा. बाळ भारतात झालं असेल तर महापालिकेच्या दाखल्यावर तेच स्पेलिंग घाला, जे पुढे रशियन पासपोर्टवर येणार आहे.