सुवर्णदुर्गाची होडी: घ्या, पण चप्पल हातात धरायच्या तयारीने

"किल्ल्यावर उतरायला धक्का आहे ना?" असं मी होडीवाल्याला फोनवर दोनदा विचारलं होतं. "काय त्रास नाय वहिनी, बिनधास्त या." हे उत्तर नव्हतंच, हे तिथे गेल्यावर कळलं. होडी खडकांजवळ लागते, पुढे गुडघाभर पाण्यातून आपलं आपण. माझी सलवार मांडीपर्यंत भिजली. चौऱ्याहत्तर वर्षांचे सासरे मात्र पँट दुमडून माझ्याआधी वाळूत उभे!

दापोलीजवळच्या हर्णैहून या समुद्रातल्या किल्ल्यापर्यंत माणशी ३०० रुपये ठरले होते. वेळ आठची, निघालो पावणेनऊला, कारण आणखी चार माणसं मिळेपर्यंत तांडेल, म्हणजे होडी चालवणारा, हलेना. लाइफ जॅकेट सगळ्यांना दिली, पण लेकाच्या जॅकेटचं बक्कल तुटलेलं. तांडेलाने जाळ्याच्या दोरीने गाठ मारून दिली. गाठ पक्की होती, मान्य. पण नवीन बक्कल असं कितीला येतं?

बाकी माणूस शब्दाचा. "सुकती (ओहोटी) लागली की होडी खडकावर बसेल, साडेदहाला खाली या," म्हणाला आणि साडेदहाला होडी हजर.

महादरवाजा बुरजांच्या आड आहे, जवळ जाईपर्यंत नजरेत भरत नाही. पायरीवर कासव कोरलंय, बाजूच्या तटावर मारुती. त्या कासवावर पाय पडू नये म्हणून सासरे भिंतीला धरून कडेकडेने चढले. आत झाडोरा, पडकी जोती, विहिरी. जुलै २०२५मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या १२ किल्ल्यांपैकी हा एक, पण पिण्याचं पाणी घरूनच न्या.

एप्रिल १७५५मध्ये पेशव्यांशी हातमिळवणी करून इंग्रजांच्या कमोडोर (आरमारी अधिकारी) जेम्सने हा तुळाजी आंग्र्यांकडून घेतला. तोफांच्या माऱ्यात आतलं दारूकोठारच उडालं. जेम्स वारल्यावर त्याच्या बायकोने १७८४ साली लंडनला त्याच्या आठवणीत एक तिकोनी मनोरा बांधला, नाव 'सेव्हर्नड्रूग'. म्हणजे आपला सुवर्णदुर्गच, इंग्रजी जिभेवरून घसरलेला.

परतताना समोर दीपगृहाचा कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला असे तिन्ही दिसतात. तिथे सासऱ्यांना कंठ फुटला. ते मुंबईच्या विल्सन कॉलेजचे. ज्याच्या नावाचं ते कॉलेज, तो स्कॉटलंडचा पाद्री जॉन विल्सन १८२९ साली मुंबईत उतरला आणि मराठी शिकायला आला तो इथे, हर्णैला. स्कॉटिश मिशनऱ्यांचा मुक्काम त्याच्याही आधी, १८२३पासून बाणकोट-हर्णैच्या या पट्ट्यात होता.

"म्हणजे माझ्या कॉलेजची मराठी तुमच्या गावची," सासरे तांडेलाला म्हणाले.

तांडेलाने सुकाणू वळवलं. "मग आजोबा, शिव्या पण आमच्याच शिकला असणार."